पुडीची मागची बाजू : नाली उघडणाऱ्या पावडरचा रिव्ह्यू

काम : पाचपैकी तीन तारे. पुडीची मागची बाजू : पाचपैकी अर्धा, तोही दया म्हणून.

असल्या वस्तूंचा रिव्ह्यू लिहिताना लोक पुढच्या बाजूबद्दलच लिहितात. 'अर्ध्या तासात नाली साफ', चकचकीत सिंक, हसणारी बाई. मी इंदूरच्या एका शाळेत रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत २७ वर्षं सहायक होते. बाटली हातात आली की आधी ती फिरवायची आणि मागचं लेबल वाचायचं, ही तिथली खोड. निवृत्तीनंतरही ती गेली नाही. पण त्या दिवशी पुडी माझ्या हातात नव्हतीच, आमच्या ह्यांच्या हातात होती.

दिवाळी नुकतीच झाली होती. चकल्या-शेवेचं तेल, करंज्यांचं तूप, भांड्यांची खरकटी, सगळं आठवडाभर सिंकमध्ये गेलेलं. भाऊबीजेनंतर दोन दिवसांनी पाणी उतरेना. प्लंबरला फोन केला तर 'आंटीजी, कल आता हूँ.' हा कल इंदूरमध्ये कधी उगवतो ते इंदूरकरांना सांगायला नको. त्यात सासूबाईंचं वेगळंच चाललं होतं. सोऱ्याची चांदणीची चकती हरवली होती आणि ती कामाच्या बाईंनी उचलली असा त्यांना दाट संशय होता. घरात एकूण हवा तंगच. शेवटी हे कोपऱ्यावरच्या दुकानातून पावडरची पन्नास ग्रॅमची पुडी घेऊन आले. तीसेक रुपयांची.

आधी कामाचं सांगते. ही पावडर म्हणजे मुख्यतः कॉस्टिक सोडा, सोडियम हायड्रॉक्साइड. काही कंपन्या त्यात ॲल्युमिनियमचे बारीक तुकडेही घालतात. कॉस्टिक पाण्यात विरघळताना स्वतःच चांगला तापतो, ॲल्युमिनियमशी त्याची गाठ पडली की आणखी तापतो आणि हायड्रोजनचे बुडबुडे सुटतात. त्या उष्णतेने पाइपातलं थिजलेलं तूप पातळ होतं आणि कॉस्टिक त्याचा चक्क साबण करून टाकतो. हे शंभर टक्के खरं आहे, आम्ही शाळेत खोबरेल तेल आणि कॉस्टिकचा साबण मुलांकडून करून घ्यायचो. तेव्हा तेला-तुपाचा तुंबारा असेल तर पावडर काम करते. आमच्याकडेही पहिल्या पुडीनंतर पाणी थोडं उतरलं. तीन तारे त्याचेच.

थोडं उतरलं म्हणून ह्यांना चेव आला. हे दुसरी पुडी घेऊन आले, कात्रीने कापली, पूर्ण सिंकमध्ये ओतली आणि चहासाठी उकळत ठेवलेलं पाणी वरून ओतलं. हेतू चांगला, गरम पाण्याने तूप लवकर सुटेल. मी हॉलमध्ये होते. भस्सकन आवाज आला, मग 'अरे बापरे', मग काहीच नाही. मी विचारलं, काय झालं हो? 'काही नाही, जरा उडलं.' नॅपकिनने हात-तोंड पुसून हे पेपर घेऊन बसले.

सात-आठ मिनिटांनी म्हणाले, "अगं, हात बुळबुळीत लागतोय, साबण राहिला वाटतं."

हे वाक्य ऐकून माझ्या पोटात गोळा आला. ॲसिड लागलं की माणूस ओरडतो, हात झटकतो, नळाकडे पळतो. कॉस्टिक लागलं की सुरुवातीला बरेचदा फारसं दुखत नाही, फक्त ओशट, बुळबुळीत लागतं. तो बुळबुळीतपणा बाहेरून आलेल्या साबणाचा नसतो. आपल्याच कातडीतल्या चरबीचा साबण होत असतो. ॲसिडने कातडी गोठून तिची खपली धरते आणि ॲसिडला थोडा तरी अटकाव होतो. कॉस्टिक मात्र कातडी विरघळवत आत आत जात राहतं.

बघते तर मनगटावर घड्याळ, चामड्याच्या पट्ट्याचं. बाहीवर अजून चार-सहा पांढरे दाणे, साबुदाण्याच्या कण्यांसारखे. पट्ट्याखाली किती गेले असतील देव जाणे. आधी घड्याळ काढलं. पट्टा आतून गिळगिळीत, हाताला लागला तर कळावं की हे चामडं आता चामडं राहिलेलं नाही. मग कोरड्या कपड्याने दाणे झटकले, शर्ट काढायला लावला आणि मगच हात नळाखाली. हा क्रम महत्त्वाचा आहे. कोरडे दाणे अंगावर असताना थोडंसं पाणी लागलं की ते तिथेच तापतात. आधी झटकायचे, मग पाण्याची धार, आणि धार भरपूर.

आता खरी गंमत. वीस मिनिटं म्हणजे किती असतात ते कुणाचा तरी हात नळाखाली धरून बघा. मी बेसिनवर भिंतीवरचं घड्याळ काढून ठेवलं. तिसऱ्या मिनिटाला हे म्हणाले, "झालं ना आता?" पाचव्या मिनिटाला सासूबाई हळद घेऊन आल्या. त्यांना थांबवलं तर लिंबू कापून आणलं. "अगं, खार आहे ना तो? आंबटाने मरेल." आता ह्या बाई सातवी शिकलेल्या, वय ८४. खार आणि आंबट एकमेकांना मारतात हे त्यांना पक्कं ठाऊक. रसायनशास्त्र अगदी बरोबर, उपचार मात्र चूक. कारण ते मरताना उष्णता निघते, आणि ती निघणार भाजलेल्या कातडीवर. शिवाय लिंबू शोधण्यात जातो तो वेळ पाण्याचा. मी म्हटलं, आई, लिंबू सरबताला ठेवा, ह्यांना घशाला कोरड पडली आहे.

शेजारच्या वहिनी बर्फ घेऊन आल्या, त्यांच्या लेकाने टूथपेस्ट सुचवली. सगळ्यांना मनापासून काहीतरी लावायचं असतं. नुसत्या पाण्यावर कुणाचा विश्वासच नाही.

आणि अकराव्या मिनिटाला ह्यांचा खरा आक्षेप बाहेर आला. "अगं, टाकी संपेल. आज नर्मदेचा दिवस नाही." इंदूरच्या बाहेरच्यांसाठी सांगते, आमच्याकडे नर्मदेचं पाणी जलूदहून उपसून आणतात. सातपुड्याच्या बाजूची ती नदी विंध्याचलावर चढवून आमच्या नळाला येते. १९७८ पासून. आणि येते ती एक दिवसाआड. माणसाची कातडी विरघळतेय आणि माणूस टाकीची काळजी करतोय, हा अस्सल इंदुरी संसार. मी धार कमी केली नाही. टाकी संपली असती तर वहिनींच्या बाथरूममध्ये नेलं असतं.

वीस मिनिटं झाली तेव्हा बुळबुळ गेली होती. मनगटावर रुपयाच्या नाण्याएवढा पांढुरका, मेणचट चट्टा होता. लाल नाही. लाल नाही म्हणून हे खूश. मला मात्र तोच रंग आवडला नाही, कारण खोल भाजलेली कातडी अशीच दिसते आणि दुखतही कमी. तेवढ्यात हे चष्मा पुसायला लागले आणि मी किंचाळलेच. काचांवर वाळलेले पांढरे ठिपके होते. उजव्या काचेवर सहा, डाव्यावर दोन. वाचायचा चष्मा नाकावर ठेवून स्वयंपाकघरात शिरायच्या सवयीवरून मी ह्यांना तीस वर्षं बोलत आलेय. यापुढे बोलणार नाही.

हे सहा ठिपके डोळ्यात गेले असते तर? प्रयोगशाळेत आम्ही मुलांना दरवर्षी जूनमध्ये हे करून दाखवायचो. ज्या डोळ्यात गेलं तो डोळा खाली येईल असं डोकं तिरकं करायचं, म्हणजे घाण पाणी चांगल्या डोळ्यात जात नाही. नाकाच्या बाजूने बाहेर अशी पाण्याची हलकी धार धरायची. पापणी आपोआप मिटते, तिला दोष देऊ नये, दोन बोटांनी दुसऱ्या कुणीतरी ती उघडी धरायची. कॉन्टॅक्ट लेन्स असेल तर काढायची. कमीत कमी वीस मिनिटं, आणि मग बरं वाटत असलं तरी थेट डोळ्यांच्या डॉक्टरांकडे. गुलाबजल नाही, दूध नाही, मेडिकलवाल्याने दिलेले थेंब नाहीत. चोळायचं तर अजिबात नाही. कॉस्टिकने बुबुळ कायमचं पांढरं होऊ शकतं.

डॉक्टरांनी ह्यांचा हात बघायच्या आधी एकच प्रश्न विचारला, "किती वेळ धुतलंत?" काय लावलंत, असं नाही विचारलं. जखम तीन आठवड्यांनी भरली, डाग आहे.

त्या रात्री मी पुडी फिरवली. भिंग लागलं. मागच्या बाजूला दोन ओळी इंग्रजीत, मुंगीच्या पायाएवढ्या : त्वचेला लागल्यास भरपूर पाण्याने धुवा, डॉक्टरांना दाखवा. किती वेळ धुवा? नाही. कोरडे दाणे आधी झटका? नाही. गरम पाणी घालू नका हे होतं, पण पुडी जिथे कापायची त्या रेषेच्या बरोबर वर. म्हणजे पुडी उघडली की सूचना कचऱ्यात. हिंदीत फक्त वापरायची रीत. आणि पुडी परत बंद करायची काही सोय नाही. अर्धी उरली की माणूस रबरबँड लावून ओट्याखाली ठेवणार, मिठाच्या पुडीशेजारी. दाणे साबुदाण्यासारखे आणि हे शहर साबुदाण्याच्या खिचडीसाठी रात्री सराफ्याच्या खाऊगल्लीत रांगा लावणारं. मला पुढचं बोलवत नाही.

पुडीवरच्या ग्राहक सेवेच्या नंबरावर फोन केला. तिसऱ्या वेळी उचलला. "मॅडम, आप फोटो के साथ ईमेल कर दीजिए." केला. अजून 'आपकी शिकायत हमारे लिए महत्वपूर्ण है' यापलीकडे काही आलेलं नाही. अर्धा ताराही त्यावर विषारी असल्याचं चित्र होतं म्हणून.

हे चित्र फुकट मिळालेलं नाही बरं. अमेरिकेत साबणासाठी आणि नाल्यांसाठी घरोघर कॉस्टिक असायचं आणि मुलं ते साखर समजून तोंडात घालायची. अन्ननलिका भाजायची, आणि काही आठवड्यांनी भरताना आकसून इतकी अरुंद व्हायची की पाण्याचा घोट उतरेना. शेव्हलिअर जॅक्सन नावाचे घशाचे डॉक्टर अशी मुलं बघून बघून इतके पेटले की वर्षानुवर्षं पाठपुरावा करून १९२७ साली त्यांनी कायदाच करवून घेतला. अशा डब्यावर विष म्हणून लिहायचं आणि उपाय छापायचा. शंभर वर्षं होत आली. माझ्या पुडीवरचा उपाय मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात आहे, आणि गरम पाण्याची सूचना कापायच्या रेषेवर.

मग पेटून मी घरातल्या बाकीच्या बाटल्याही फिरवल्या.

संडासासाठी आम्ही वाकड्या मानेची निळी बाटली वापरतो, सगळे वापरतात तीच जात. आत साधारण दहा टक्के हायड्रोक्लोरिक ॲसिड. बोअरिंगच्या जड पाण्याचे पांढरे थर ह्यानेच सुटतात, फसफस होते ती कार्बन डायऑक्साइडची. हिची मागची बाजू चांगली आहे. सूचना हिंदीत, अक्षर वाचता येईल एवढं, झाकण दाबून फिरवल्याशिवाय उघडत नाही. चार तारे. एक कापला तो रंगाबद्दल, सरबतासारखा निळा कशाला हवा?

पण कामाच्या बाईंना मी एक गोष्ट तीनदा सांगितली आहे आणि इथे चौथ्यांदा लिहिते. ही बाटली आणि ब्लीच, म्हणजे कपड्यांचं डाग काढणारं पांढरं पाणी किंवा ब्लीचिंग पावडर, एकाच संडासात एकाच वेळी नाही. दोन्ही घातलं की दुप्पट स्वच्छ होत नाही, क्लोरिन वायू सुटतो. शाळेत आम्ही तो काचेच्या बरणीत थोडासा करून दाखवायचो, हिरवट-पिवळा, हवेच्या अडीचपट जड, बरणीच्या तळाशी बसणारा. आता चार बाय चारचा संडास डोळ्यांपुढे आणा. जड वायू खाली, आणि घासणारी बाई कुठे? खाली, उकिडवी. कधी तिखट वास येऊन डोळे चुरचुरले तर पाणी ओतायलाही थांबायचं नाही, आधी बाहेर पडून मोकळ्या हवेत यायचं. खोकला, धाप थांबली नाही तर दवाखाना. थांबली तरी संध्याकाळपर्यंत लक्ष ठेवायचं, फुप्फुसांचा त्रास कधी कधी काही तासांनी वर येतो.

आणि तिसरी बाटली. तिला शून्य. सायकलवाला भैया येतो, झाडू, फिनाइल आणि सुटं तेजाब. माझ्याच घरात, बाल्कनीतल्या कोपऱ्यात, कोल्ड्रिंकच्या जुन्या बाटलीत अर्धा लिटर निघालं. फरशी बसवली तेव्हाचं. झाकण लाल, आतलं पाणी फिकट पिवळं, आणि बाटलीवर अजून कोल्ड्रिंकचंच लेबल. मागची बाजू वाचली : 'थंड करून प्या.'

सुट्या ॲसिडबद्दल सर्वोच्च न्यायालयाने २०१३ च्या जुलैत आदेश दिले आहेत. विकणाऱ्याने नोंदवही ठेवायची, घेणाऱ्याचं ओळखपत्र बघायचं, कशासाठी हवं ते लिहायचं, अठराच्या आतल्या मुलांना द्यायचं नाही. आमच्या भैयाची नोंदवही म्हणजे त्याची स्मरणशक्ती. "आंटी, पिछली बार वाला कैसा था?"

ह्या कोल्ड्रिंकच्या बाटल्यांचा मला जुना धसका आहे. शाळेत एकदा उन्हाळ्यात आमच्या एका शिपायाने ओट्यावरच्या बाटलीतून घोट घेतला. नशिबाने पातळ केलेलं ॲसिड होतं आणि त्याने बहुतेक थुंकलं. दोन मास्तर धावले ते मिठाचं पाणी घेऊन, उलटी काढायला. आमच्या मॅडमनी त्यांच्या हातातला ग्लास अक्षरशः ओढून घेतला. जाताना एकदा भाजलं ते वर येताना दुसऱ्यांदा भाजणार, आणि श्वासनलिकेत गेलं तर आणखी वाईट. तोंड खळखळून धुवायला लावलं, पोटात काही घातलं नाही, बसवून ठेवलं आणि बाटलीसकट रिक्षाने एमवायला, म्हणजे इथल्या मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. बाटली का, तर डॉक्टरांना आत काय गेलं ते कळावं म्हणून. तोंडात फारसं भाजलेलं दिसलं नाही तरी आत भाजलेलं असू शकतं, हे मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. लहान मुलाच्या बाबतीत तर 'दिसत तर नाही काही' म्हणून घरी थांबूच नये.

माझी बाटली मी कचरागाडीला दिली. इंदूर सहा डब्यांचं शहर आहे, त्यातला एक डबा घरातल्या घातक कचऱ्याचा. झाकणावर चिकटपट्टी, वर मार्करने मोठ्या अक्षरात 'तेजाब', आणि गाडीवरच्या पोराच्या हातात, उभी. "आंटी, इसमें क्या है?" "पढ़ लो बेटा." तो वाचून हात लांब करून धरायला लागला. हीच तर लेबलाची किंमत.

आता ओट्याच्या कपाटाच्या दाराला आतून कागद चिकटवला आहे. वर १०८ आणि ११२, खाली दिल्लीच्या एम्समधल्या राष्ट्रीय विष माहिती केंद्राचा चोवीस तासांचा टोल फ्री नंबर, १८०० ११६ ११७. त्याखाली मोठ्या अक्षरात फक्त '२० मिनिटं'. शेजारी खिळ्याला रबरी हातमोजे आणि राणीपुऱ्यातून आणलेला प्लॅस्टिकचा गॉगल. तळणीचं तेल आता जुन्या पेपरात टिपून ओल्या नाही तर सुक्या कोणत्या डब्यात टाकायचं यावर घरात मतभेद आहेत, पण सिंकमध्ये जात नाही. एकशेवीस रुपयांचा रबरी पंप आणला आहे. त्याला पाच तारे. मागची बाजू नाही, लागतही नाही.

राहिला तुंबारा. दुसऱ्या पुडीनंतरही पाणी पूर्ण उतरलं नव्हतं. चौथ्या दिवशी प्लंबर आला, सिंकखाली आडवा झाला आणि पान्याने सायफनचा खालचा कटोरा फिरवायला लागला, तोंड बरोबर त्याच्या खाली. मी ओरडले, थांब बेटा, आत कॉस्टिक आहे. तो सर्रकन मागे सरकला. "पहले बताना था ना, आंटीजी!" त्याचं बरोबर होतं. गॉगल-हातमोजे दिले, खाली रिकामी बादली ठेवली, बाजूला पाण्याची भरलेली. कटोरा हळूच सुटला, करडं, साबणाचं पाणी बदाबदा पडलं आणि शेवटी टण्णकन काहीतरी वाजलं.

चांदणीची चकती. पितळी, काळवंडलेली, पण अखंड. दोन पुड्या कॉस्टिक तिच्यावर ओतूनही.

सासूबाईंनी ती कामाच्या बाईंच्या देखत, एक शब्द न बोलता, बादलीभर पाण्यात बुडवली. मग तासाभराने मला विचारलं, "चिंच लावून घासू का गं? की तेही चालत नाही?"